दासगावच्या स्टुडिओला ‘रायगड’ हे नाव का पुरत नाही?

लग्नाचे चित्रीकरण, रील, बॅनर, पत्रिका. एक कॅमेरा आणि एक लॅपटॉप एवढ्यावर आज दासगावातही व्यवसाय उभा राहतो. गावात काम ओळखीपाळखीवर मिळते. महाड एमआयडीसीतल्या किंवा पुण्यातल्या ग्राहकाकडे मात्र ती ओळख चालत नाही. तिथे नावच बोलते, आणि आपल्याकडे चार पाट्यांपैकी दोन ‘रायगड’ने किंवा ‘सावित्री’ने सुरू होतात. नाव सारखे, लोगो फुकटच्या अ‍ॅपवरचा; मग ग्राहक फक्त दर पाहतो आणि सर्वांत स्वस्त तो काम घेऊन जातो.

‘प्रभात’ने काय केले?

व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच भागीदारांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. नाव पहाटेचे, खूण तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची. दोन्हींतून एकच गोष्ट कळायची : नवी सुरुवात. चित्रपट मराठी असो वा हिंदी, अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकालाही ती तुतारी समजे. कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. नावात ‘कोल्हापूर’ नव्हते, त्यामुळे पाटी बदलावी लागली नाही. अर्थात, खुणेला वजन आले ते ‘संत तुकाराम’सारख्या कामामुळे.

नाव निवडताना काय टाळावे?

नुसते गावाचे किंवा कामाचे नाव (उदा. ‘दासगाव फोटो’) ट्रेडमार्क म्हणून सहसा नोंदले जात नाही. ते सर्वांचेच असते. रायगडाच्या पायथ्याशी ‘शिवाजी’ हे नाव घेण्याचा मोह होतो. पण १९५० च्या कायद्यानुसार केंद्राच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही.

नोंदणी कशी करावी?

ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच किंवा मिळतेजुळते नाव कोणी घेतले आहे का, हे मोफत शोधता येते. छायाचित्रण व चित्रपटनिर्मिती वर्ग ४१ मध्ये येते. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. संरक्षण १० वर्षांचे, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ नोंदणीनंतरच.

लोगो कोणाचा?

पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असे नाही. बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतला, तर हक्क त्याने लेखी दिल्याशिवाय सहसा त्याच्याकडेच राहतो. एका पानाचा करार आणि दोघांच्या सह्या आधीच घ्याव्यात.

नवी लेन्स घेण्याआधी हा खर्च करावा. लेन्स दोन-चार वर्षांत जुनी होते. नाव मात्र प्रत्येक चांगल्या कामागणिक वाढत जाते, पण ते फक्त आपले असेल तरच. नाहीतर त्या कामाचे श्रेय शेजारच्या ‘रायगड’लाही मिळते.