समाधान मिळालं म्हणजे स्वार्थ?

रक्तदान शिबिर असो की पूरग्रस्तांसाठी वर्गणी, कॉलेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "शेवटी सगळे स्वतःच्या समाधानासाठीच करतात रे!" बोलणारा हुशार ठरतो आणि रक्त देऊन आलेला उगाच ओशाळतो. मला हे वाक्य साफ चुकीचं वाटतं. त्याचं उत्तर जोसेफ बटलर या इंग्लिश धर्मोपदेशकाने सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे.

१७२६ साली छापलेल्या प्रवचनांत बटलरचा मुद्दा साधा आहे. सुख मिळतं ते कशाची तरी ओढ पुरी झाल्यावर. ओढच नसेल तर सुख कुठून येणार? पोट भरलेलं असताना ताटात पुरणपोळी आली तरी घास उतरत नाही. तसंच, ज्याला दुसऱ्याच्या जगण्यामरण्याशी देणंघेणं नाही, त्याला रक्त देऊन कसलं समाधान मिळणार? म्हणजे आधी कळकळ, मग समाधान. फळालाच मूळ म्हणून कसं चालेल?

कोणी म्हणेल, काहीजण प्रमाणपत्रासाठी, फोटोसाठी येतातच की! येतात ना. पण 'हा फोटोसाठी आला' असं आपण वेगळं काढून म्हणतो, ते बाकीचे तसे आलेले नसतात म्हणूनच. सगळ्यांनाच स्वार्थी ठरवलं, तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

या वादात उपयुक्ततावादाचं नावही विनाकारण ओढलं जातं. बेंथॅमची कसोटी पुष्कळांच्या पुष्कळ सुखाची होती, माझ्या एकट्याच्या नव्हे. मिलने तर १८६१ च्या निबंधात स्पष्टच सांगितलं, की आपलं सुख आणि दुसऱ्याचं सुख यांत माणसाने तिऱ्हाइतासारखं निःपक्षपाती राहावं. विशीत नैराश्याने ग्रासलेला हाच मिल पुढे आत्मचरित्रात लिहितो, की सुखाच्या मागे लागून सुख मिळत नाही; दुसऱ्या कशात जीव गुंतवला, की ते वाटेत भेटतं.

मदत करून बरं वाटणं हा गुन्हा नाही. उलट, कपाळाला आठ्या घालून केलेली मदत तेवढी खरी, असं धरलं तर चांगुलपणाला हसायचीही चोरी! म्हणून माझं म्हणणं एवढंच : पुढच्या शिबिरात कोणी रक्त देऊन खूश होऊन आला, तर त्याच्या मनात काय होतं ते उकरत बसू नका. त्याला चहा द्या, आणि रांगेत उभे राहा.