निष्ठा म्हणजे मौन नव्हे

बुलढाणा जिल्ह्यात कॅथलिकांची संख्या अत्यल्प आहे. वसईत चर्चविषयी काही अप्रिय छापून आले, तर अवघा गाव एकमेकांच्या आधाराने उभा राहतो; खामगाव-मलकापूरकडे शेजाऱ्याच्या प्रश्नाला एकट्या कुटुंबालाच तोंड द्यावे लागते. २०१८ च्या सप्टेंबरात कोचीत धर्मभगिनी एका बिशपांवरील बलात्काराच्या आरोपावरून धरणे धरून बसल्या. २०२२ मध्ये न्यायालयाने त्या बिशपांना निर्दोष ठरविले. परंतु धर्मगुरूंकडून धर्मभगिनींचे शोषण झाले आहे, हे खुद्द पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये मान्य केले होते. मग भाविकाने करावे काय? बाहेर पडावे, की मुकाट राहावे?

हे दोनच मार्ग आहेत, असे महाराष्ट्रातील कॅथलिकांचा इतिहास सांगत नाही. १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतील चर्चे पोर्तुगालचा पाद्रोआदो आणि रोमचा प्रोपागांडा या दोन पक्षांत वाटून दिली. एकाच गावात दोन अधिकारी आले. सामान्य कोळ्या-कुणब्याने कोणाला खरा मानावे? १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील बहुसंख्य भाविक पाद्रोआदोकडे वळले, तेव्हा बिशप हार्टमन त्या चर्चमध्येच ठाण मांडून बसले आणि विरोधकांनी त्यांना वेढा घातला. चर्च अखेर पाद्रोआदोकडे गेले. प्रसंग लाजिरवाणा होता, यात शंका नाही. तथापि भाविकांपैकी बहुतेकांनी भांडता भांडताच आपली मुले बाप्तिस्म्याला नेली आणि आपली माणसे त्याच दफनभूमीत पुरली. हा दुहेरी कारभार १९२८ पर्यंत टिकला.

त्या वेळी वाद अधिकाराचा होता, आज तो पीडितांच्या न्यायाचा आहे. म्हणून आजचे मौन अधिक गंभीर. 'चर्चची बदनामी नको' हे कारण वरकरणी भक्तीचे वाटते; प्रत्यक्षात त्याचा लाभ अपराध्यालाच होतो. १ जून २०१९ पासून लागू झालेल्या पोपच्या आदेशाने तक्रार स्वीकारण्याची, लोकांना सहज गाठता येईल अशी व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांताला वर्षभरात उभारण्यास सांगितले. धर्मगुरू व धर्मभगिनींना असे प्रकार कळविणे बंधनकारक केले. सामान्य भाविकालाही ती मुभा दिली. अर्थात पोलिसांकडे जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही. ती व्यवस्था मराठीत कोठे लिहिलेली आहे, पत्ता कोणाचा, हे रविवारच्या मिस्सेनंतर आपल्या धर्मगुरूंना उघडपणे विचारण्यास खामगावच्या भाविकाला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.