एक पेर वर

मराठी शिकवणाऱ्या माणसाने बर्फाच्या नांगरावर लिहावे, हे पाहून वाचकांच्या भुवया वर जातील. खरेच आहे. आमच्या महाविद्यालयात आजवर पाहिलेली सगळ्यांत थंड वस्तू म्हणजे उपाहारगृहातला चहा! पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला महिन्याची रजा जोडून मी धाकट्या भावाकडे अमेरिकेत गेलो होतो. तिथे या नांगराशी माझी जी गाठ पडली, ती अजून मनातून जात नाही.

भाऊ राहतो व्हर्मांट राज्यातल्या एका खेड्यात. अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गुळगुळीत सडका उभ्या राहतात. पण त्या राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे, खडीचे आहेत. भावाच्या गावचा रस्ता खडीचा, आणि त्या रस्त्यापासून त्याच्या दारापर्यंत आलेली शंभरएक पावलांची वाटही खडीचीच. रस्ता गावाचा ट्रक साफ करतो. दारची वाट ज्याची त्याने पाहायची.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका रात्री पहिले बर्फ पडले. सकाळी उठून पाहतो तो वाट, अंगण, कुंपण सारे एक झालेले. वीतभर तरी थर असेल. भावाने आपल्या ट्रकच्या तोंडाला एक लांबरुंद पोलादी पाते जोडले. यालाच तिकडे नांगर म्हणतात. नाव नांगराचे, पण कुळी उलटी. आपला नांगर जमिनीत शिरला नाही तर फुकट. हा शिरला तर घात!

त्याची युक्ती साधी आहे. पात्याच्या मागे खाली दोन लोखंडी बशा असतात. त्या जमिनीवरून घसरत जातात आणि पात्याला वर उचलून धरतात. बशीचा दांडा एका खोबणीतून वर येतो आणि वरून खीळ घालून अडकवलेला असतो. खोबणीच्या खाली दांड्यावर जितके वायसर जास्त, तितके पाते जमिनीपासून उंच. तेच वायसर खोबणीच्या वर घातले की पाते खाली येते.

भावाने एक फेरी मारली. मी ओसरीवर उभा राहून पाहत होतो. मागे पांढरा थर राहिलाच होता.

“अरे, हे कसलं काम? बर्फ मागे राहतंय की! पातं टेकव खाली.”

“राहू दे, दादा, तेवढं.”

“राहू दे काय? करायचं तर स्वच्छ करावं.”

माझा भाऊ चाळिशीचा आहे. कचेरीत त्याच्या हाताखाली माणसे आहेत. पण माझ्यासमोर तो अजून अर्ध्या चड्डीतच असतो. त्याने वाद घातला नाही. मुकाट्याने सगळे वायसर वर चढवले आणि ट्रक सुरू केला.

खर्रर्र असा आवाज झाला. दहा पावले वाट काळीभोर निघाली आणि मी “बघ!” म्हणालोसुद्धा. तेवढ्यात एका रुतलेल्या दगडाला पाते अडले, स्प्रिंगा ताणल्या, आणि ते सगळे धूड पुढे कलंडून धाडकन जागेवर आले. पाते मोडू नये म्हणून ती सोय असते, हे मला मागाहून कळले. वाटेच्या मध्यावर खड्डा पडला होता. कडेचा ढीग पांढरा नव्हताच. तो चिखलाचा आणि खडीचा होता. पलीकडच्या हिरवळीवर मूठमूठ खडी फेकली गेली होती.

आवाज ऐकून शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी उमेदीची सारी वर्षे गावच्या रस्त्यांवर हाच ट्रक हाकण्यात घालवलेली. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. कोठीतून जेमतेम इंचभर जाडीच्या दोन फळ्या काढून आणल्या, सपाट जागी मांडल्या आणि पाते त्यांवर टेकवायला सांगितले. मग दोन्ही बशा जमिनीला लागेपर्यंत वायसर भरले, खिळी घातल्या आणि फळ्या काढून घेतल्या. पाते बरोबर तेवढे अधांतरी राहिले. मी खाली बोट घालून पाहिले. एक पेर. भाताचे पाणी मोजायला आई जे पेर लावायची, तेच!

मग त्यांनी कारण सांगितले. पहिले बर्फ पडते तेव्हा जमीन गोठलेली नसते. खाली ओल असते, खडी सैल असते. पाते टेकवले की बर्फाआधी रस्ताच सोलून निघतो. म्हणून पहिल्या बर्फाचा पातळसा थर राखायचा. तो चाकांखाली दबतो, खडीशी गोठतो आणि त्याचे टणक कवच होते. जमीन एकदा दगडासारखी झाली, की मग पाते थोडे उतरवले तरी चालते. पण फार राखूनही भागत नाही. जाड थरात चाकांच्या चाकोऱ्या पडतात, त्यांचा निसरडा बर्फगोटा होतो आणि मग कोणतेच पाते त्याला हलवू शकत नाही. बशाही झिजतात, म्हणून ही उंची अधूनमधून पुन्हा पाहावी लागते. डांबरी सडकेचा न्याय वेगळा. तिथे पाते टेकवतात, मीठ टाकतात. कच्च्या रस्त्यावर बहुधा वाळूच टाकतात, कारण मिठाने बर्फाबरोबर रस्ताही विरघळू लागतो.

कच्चा रस्ता मध्ये कासवाच्या पाठीसारखा उंच असतो, तो पाणी दोन्हीकडच्या चरांत जावे म्हणून. ती पाठच खरवडली गेली तर मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ वितळू लागल्यावर, पाणी रस्त्यातच बसते आणि गाड्या रुततात. तिकडे चिखलाचा एक निराळा ऋतूच मानतात! नवी खडी गावाच्या पैशाने येते. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते, तिथे त्या खर्चाला लोकांची संमती घ्यावी लागते.

जाता जाता म्हाताऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मोटारी येण्यापूर्वी त्या मुलखात बर्फ काढीतच नसत. घोडे जुंपलेल्या मोठमोठ्या लाकडी रुळांनी ते दाबून बसवीत, कारण घसरगाड्यांना बर्फच हवे असे. छप्पर असलेल्या पुलांवर बर्फ पडत नसे, तर तिथे फावड्याने मुद्दाम आणून पसरीत!

त्या रात्री मला झोप आली नाही. आठवत होती भावाची पत्रे. इंजिनिअरिंगला वसतिगृहात होता तेव्हा तो दर आठवड्याला चार-चार पाने लिहायचा. मी तेव्हा नुकताच एम. ए. होऊन नोकरीला लागलेलो. त्याच्या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते पत्रच उलट टपालाने धाडायचो. एकदा त्याने लिहिले होते, “दिवस बुडाला की घर आठवतं.” मी ‘दिवस बुडाला’ खोडून वर ‘सूर्यास्त झाला’ असे लिहिले होते. हळूहळू पत्रे आखडत गेली. शेवटी शेवटी एक कार्ड येई. “मी ठीक. पैसे पोचले.” त्यात एकही चूक नसे. भाऊ सुधारला म्हणून मी वडिलांना ते कौतुकाने दाखवीत असे.

सकाळी चहाच्या वेळी मी त्याला म्हटले, “काल तू बरोबर होतास.” तो म्हणाला, “असू दे रे, दादा.” एवढेच.

मी परत आलो. एप्रिलच्या अखेरीस भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र आले. हातात दाताळे, पायाशी खडीने भरलेली बादली. खाली मजकूर होता, “तुझी खडी! दीवस बुडेपर्यंत गवतातून वेचत होतो.”

‘दीवस’मधला ‘दी’ दीर्घ होता. राहू दिला.