कवितेला लग्नाचा दाखला कशाला?

मध्यंतरी निपाणी परिसरातील एका कविसंमेलनात एका तरुण कवयित्रीने कविता वाचली. लग्नाविना एकत्र राहणाऱ्या दोघांच्या भाड्याच्या घराची ती कविता. अनामत रक्कम तिची, भाडेकरार त्याच्या नावे. ती तापाने फणफणलेली असताना तो उंबरठ्यावरून म्हणतो, "आपलं कुठं लग्न झालंय?" ज्या मोकळेपणाच्या भरवशावर दोघे एकत्र आले, तोच त्याने अंग काढून घेण्यासाठी वापरला, हे तिचे दुःख. अध्यक्षांनी समारोपात बजावले, की हा विषय महानगरांतून उसना आणलेला आहे आणि सीमाभागातील कवीने 1956 ची जखम सोडून असल्या खोल्यांत शिरू नये. टाळ्या पडल्या. आम्हीही गप्प बसलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

उसना विषय? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मुलखात बसून हे बोलावे, याचे नवल वाटते. जोगतिणीने पुरुषासोबत राहण्याला 'झुलवा' हा शब्द आपल्याच बोलीत आहे. उत्तम बंडू तुपे यांनी त्याच नावाची कादंबरी लिहिली, राजन गवस यांची 'चौंडकं' 1985 मध्ये आली. जोगतिणीला चूल होती, मुले होती. लग्न तेवढे नव्हते, आणि पुरुषाने पाठ फिरवली की जाब विचारायला जागाही नव्हती. कर्नाटकाने 1982 च्या कायद्याने देवदासी प्रथेला बंदी घातली. जोगतिणीवर ते जगणे लादलेले होते, या मुलीने आपले निवडले, हा भेद आम्ही विसरत नाही. पण बिनलग्नाचे घर वेशीबाहेरून आले, हे म्हणणे खोटे आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीलाही संरक्षण दिले. कायदा जिची दखल घेतो, तिला कवितेने हाकलावे?

बेळगावच्या इंदिरा संतांच्या कवितेतील विरह आपण डोक्यावर घेतला. ना. मा. संत 1946 मध्ये गेले. 1951 मध्ये 'शेला' आला, 1955 मध्ये 'मेंदी'. योग्यच केले. पण ते दुःख आपण कवितेसाठी मानले की कुंकवासाठी, हे आता स्वतःला विचारायला हवे.

लग्न केले असते तर ही वेळ आली नसती, असे चहाच्या वेळी कोणी म्हणाले. त्यांनी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या नसाव्यात.

सीमाप्रश्नाशी आमचे वैर नाही. 1 नोव्हेंबरच्या फेरीत आम्हीही चालतो. परंतु भाषेसाठी लढायचे आणि त्या भाषेत बाईने काय बोलावे हे मात्र आपण ठरवायचे, हा कोणता न्याय? कविता निर्दोष नाही. शेवटच्या कडव्यात ती उगाच भाषण करते. त्यावर कोणी बोलले असते, तर आम्ही मान डोलावली असती.

ती कविता या अंकात छापली आहे. नावाखाली गाव नाही. कवयित्रीनेच तसे कळवले. तिला दुसरी खोली अजून मिळालेली नाही.