बॅनर कापणाऱ्या हातांचा दर

डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत संघटनांच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले. त्या दिवसांत झाशीत शेड, यार्ड आणि वॅगन कारखान्याच्या फाटकांवर बॅनरच बॅनर होते. पुढे नेत्याचा फोटो, मागे इंजिन नाहीतर झेंडा. हा फोटो मागच्या भिंतीपासून सोडवून घेण्याचे काम बॅनरच्या दुकानातला डीटीपी ऑपरेटर करतो. पूर्वी तो माउसने कडेकडेने टिंबे देत बसे. आता हे काम संगणक काही सेकंदांत करतो.

हे तंत्र समजून घेतले पाहिजे. न समजता केलेला विरोध टिकत नाही. २०२३ मध्ये कम्फी-यूआय हा विनामूल्य प्रोग्राम आला. त्यात पडद्यावर चौकटी मांडून तारांनी जोडायच्या. एका चौकटीत चित्र बनविणारे मॉडेल, दुसरीत आपली मागणी शब्दांत, शेवटी तयार चित्र. सिग्नल खात्यातील बंधूंना रिले रूम आठवेल. पार्श्वभूमी काढणारी चौकट वरून बसविता येते. अशा जोडण्यांत रेम-बीजी हा प्रोग्राम आणि २०२० सालचे यू-टू-नेट हे मॉडेल बरेच वापरले जाते.

हे मॉडेल १०,५५३ चित्रांवर शिकले. त्या प्रत्येक चित्रात वस्तू कोठे संपते हे माणसांनी हाताने आखून दिले होते. म्हणजे यंत्राची हुशारी ही कोणाची तरी मजुरीच आहे. आणि ही हुशारी अपुरी आहे. चित्रात ठळक काय ते शोधून बाकीचे पुसायचे, एवढेच तिला ठाऊक. मोर्च्याच्या फोटोत पुढारी ठळक असतो. त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा ट्रॅकमन पार्श्वभूमीत जमा होऊ शकतो. झेंड्याची काठी अर्धी गायब होते. ती पुन्हा जोडायला ऑपरेटरच लागतो.

तरीही “आता तर मशीनच करते” म्हणत दर पाडून मागणारी गिऱ्हाईके आहेत, आणि त्यांत युनियनचे पदाधिकारीही आहेत! कारखान्यात यंत्र आल्यावर व्यवस्थापन हेच बोलले, तेव्हा आम्ही फाटकावर बसलो. मग दुकानातल्या असंघटित पोराशी आम्ही कोणत्या तोंडाने घासाघीस करायची?

अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा ही कलाकारांची संघटना २०२३ मध्ये ११८ दिवस संपावर होती. तिने करारात लिहून घेतले की कलाकाराची संगणकीय प्रतिकृती करायची तर संमती आणि मोबदला हवा. गर्दीत उभे राहणाऱ्या कलाकारांसाठीही तरतूद झाली. आपल्या ऑपरेटरांची तर अजून संघटनाही नाही.

म्हणून आमची सूचना आहे की संलग्न संघटनांनी छपाईचे काम देताना जुना दर कायम ठेवावा आणि तो ऑपरेटरच्या हाती पडतो का, हे विचारावे. मोर्च्याच्या फोटोतून माणसे काढू नयेत, नसलेली घालू नयेत. मूळ फोटो शाखेच्या दप्तरी ठेवावा. झाशी विभागातील शाखांनी पुढच्या बॅनरची ऑर्डर देण्याआधी दुकानदाराशी हे बोलून घ्यावे.