अजून काही झालेलं नाही

गेल्या महिन्यात एका पहाटे पावणेतीनला जाग आली. सलग चौथी रात्र. उठले, फ्रीजमधली मेथीची जुडी काढली आणि ओट्याशी स्टूल ओढून निवडत बसले. मेथी संपली म्हणून लसूण सोलायला घेतला. घर गाढ झोपेत, खाली रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि मला फार छान वाटत होतं. चौथ्या गड्डीला ते ‘छान’ लक्षात आलं आणि हात थांबला.

अकरा वर्षांपूर्वीही असंच छान वाटायचं. तेव्हा रात्री दोनला जुन्या टूथब्रशने बाथरूमच्या फरशीच्या फटी घासत होते. तीन आठवड्यांत पाच पैठण्या घेतल्या, आणि घरात कुणाला न सांगता तळेगावच्या एका प्लॉटचं टोकन देऊन आले. मग दवाखाना, इंजेक्शनं आणि पुढचे आठ महिने अंथरुणात. आजाराचं नाव बायपोलर. त्याबद्दल या सदरात पूर्वी लिहिलंय, पुन्हा उगाळत नाही. आजचा विषय आहे हातात लसूण घेऊन बसलेली ती दहा मिनिटं. झालेलं काहीच नाही, होईल की काय ही धास्ती मात्र आहे. अशा वेळी माणसाने जायचं कुणाकडे?

सकाळी दवाखान्यात फोन केला.

“इमर्जन्सी आहे का?”

“नाही. व्हायच्या आत यायचंय.”

पलीकडची मुलगी क्षणभर गप्प. मग म्हणाली, “पुढच्या महिन्याची चौदा तारीख देते, मॅडम.”

तिचा काय दोष? तिच्या वहीत दोनच रकाने: तातडीचे आणि नेहमीचे. माझं म्हणणं इतकंच, की तिसरा रकाना हवा.

पण खरं सांगायचं तर तो आम्हा पेशंटांनाच नको असतो. डॉक्टरकडे गेलं म्हणजे ‘परत आलं’ असं आपल्याच तोंडाने कबूल केलं, अशी एक समजूत मनात असते. शिवाय घरात सांगितलं, की तिथून पुढे आपलं प्रत्येक हसणं तराजूत. जरा आवाज चढला, की “आई, गोळी घेतलीस ना?” आणि चेष्टेचा भूगोल आहेच. पुण्यात ‘येरवडा’, मुंबईत ‘ठाणे’, विदर्भात ‘नागपूर’, कोकणात ‘रत्नागिरी’. मनोरुग्णालयं असलेल्या चार गावांच्या नावांचे टोमणे करून ठेवलेत आपण, आणि मग विचारतो, लोक वेळेवर का येत नाहीत.

सात वर्षांपूर्वी अशीच धास्ती वाटली, तेव्हा मी थांबले होते. आधी खात्री करून घेऊ, म्हटलं. एकोणीस दिवस खात्री करत राहिले. खात्री व्हायची वेळ आली तेव्हा मला आजारच मान्य नव्हता. उलट इतरांचंच डोकं फिरलंय, असं ठाम मत झालं होतं. मॅनियाची, म्हणजे या आजारातल्या चढत्या अवस्थेची, हीच गोम आहे. पुरावा जमेपर्यंत साक्षीदार फितूर होतो. म्हणून नुसती धास्ती वाटणं हे डॉक्टरकडे जायला पुरेसं कारण आहे, असं मी आता मानते.

हे माझं एकटीचं तत्त्वज्ञान नाही. इंग्लंडात मँचेस्टरच्या संशोधकांनी बायपोलरच्या 69 रुग्णांवर एक प्रयोग केला. तो 1999मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यातल्या काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला स्वतःची सुरुवातीची लक्षणं ओळखायला आणि ती दिसताच मदत मागायला शिकवलं होतं. मॅनियाचा पुढचा झटका त्यांच्यात बराच लांबला. नैराश्याच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. माझ्याकडे तरी उदासी येते ती मत बनून. ‘मी कुणाच्या कामाची नाही’ हे तेव्हा लक्षण वाटतच नाही, वस्तुस्थिती वाटते. तिथे दुसऱ्याचे डोळे लागतात.

धास्तीत आणखी एक उद्योग होतो, तो म्हणजे गोळ्यांशी खेळ. कुणी एकाच्या दोन करतो, कुणी ‘इतकी वर्षं घेऊन काय उपयोग’ म्हणून डबीच बंद करतो. मी लिथियमवर आहे. त्याची गुणकारी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार कमी, म्हणून तर रक्त तपासत राहावं लागतं. आणि एकदम बंद केलं, तर झटक्याला आपणच आमंत्रण दिल्यासारखं.

तर मी दुपारी पुन्हा फोन केला. या वेळी भीती सांगितली नाही, आकडे सांगितले. “एवढं लिहून डॉक्टरांना दाखवा: चार रात्री, तीन-तीन तास झोप, थकवा अजिबात नाही.” संध्याकाळी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, औषधात थोडा बदल झाला, रात्री दहानंतर मोबाइल बंद. आठवड्याने झोप सहा तासांवर आली. आजार खरंच परत येत होता का? ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी विचारणं सोडून दिलं.

असे डॉक्टर सगळ्यांच्या वाट्याला नसतात, याची कल्पना आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. औषध बदलायला आपला डॉक्टरच लागतो, पण पहाटे पावणेतीनला कुणाशी तरी बोलता येतं, हेही थोडं नाही.

आणि 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने एक हक्क दिलाय. पुढे आपला निर्णय आपल्याला घेता आला नाही, तर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आपल्या वतीने कुणी बोलावं, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. तातडीच्या उपचारांना ते लागू नाही. माझ्या ओळखीतल्या एकाही पेशंटने ते लिहिलेलं नाही. मीही नाही. आळस, दुसरं काय.

साधी यादी तेवढी केली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय: तीन तास झोप, भराभर बोलणं, साड्या, रात्रीची भाजी निवडणं. लेकीने खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली, ‘भांडी घासताना मोठमोठ्याने गाणं’. मी ते खोडलं. गाते मी बरी असतानाही. तिने पुन्हा लिहिलं, आणि पुढे कंसात ‘वरच्या पट्टीत’.