बॉनेट हलकं, खिसा त्याहून हलका

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास वाघोलीच्या पुढे उभे राहा. ट्रॅफिक जागं व्हायच्या आत पुण्यातल्या यच्चयावत ‘ट्यून’ केलेल्या गाड्या नगर रोडला सुटलेल्या दिसतील. शिरूर ओलांडलं, राळेगणसिद्धीचा फाटा जवळ आला की चहासाठी ब्रेक. मग बॉनेटं उघडतात आणि चर्चा सुरू होते. हल्ली चर्चा इंजिनापेक्षा बॉनेटचीच जास्त. काळं, चकचकीत, चटईसारखी वीण असलेलं. ‘कार्बन फायबर आहे बॉस!’ किती हलकी झाली गाडी? ‘सॉलिड!’ आता सॉलिड म्हणजे नेमके किती किलो, असं विचारा आणि शांतता अनुभवा.

मंडळी, मटेरियल भन्नाट आहे यात वादच नाही. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, अॅल्युमिनियम पावणेतीनपट, तर कार्बन तंतू आणि रेझिनचं मिश्रण जेमतेम दीडपट. ताकद मात्र तंतूंच्या दिशेने पोलादाला लाजवणारी. मॅकलॅरेनने १९८१ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीचा सांगाडाच कार्बनचा केला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. त्याच वर्षी मोन्झाला जॉन वॉटसनची गाडी भयंकर आदळली आणि तो धडधाकट बाहेर आला. नाकं सरळ झाली.

याच जातकुळीची वस्तू बघायला इटलीला जायची गरज नाही. राळेगणच्या फाट्यावरून तसंच सुप्याकडे पुढे गेलात की कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. त्यांची पाती म्हणजे तंतू आणि रेझिनचाच संसार. फक्त तंतू मुख्यतः काचेचे, कारण ते स्वस्त. कार्बन वापरायचा तो नेमका जिथे ताण जास्त आहे तिथेच, असा हिशेब पात्याचा इंजिनियर करतो. आपण मात्र फोटोत जिथे दिसेल तिथे वापरतो!

आता जरा गणित. साध्या हॅचबॅकचं पोलादी बॉनेट असतं पंधरा किलोंच्या आसपास. चांगलं कार्बनचं बसवलं तर सात-आठ किलो वाचतील. हजार किलोंच्या गाडीत हे एक टक्कासुद्धा नाही. शंभरचा वेग गाठायला अकरा सेकंद लागत असतील, तर फार फार तर सेकंदाचा दहावा भाग कमी होईल, तेवढ्यात पापणी लवत नाही. उलट पेट्रोलची चाळीस लिटरची टाकी अर्धीच भरली तर पंधरा किलो वाचतात, तेही फुकट. आणि मागच्या सीटवर बसून गाणी बदलणारा सत्तर किलोंचा मित्र? त्याला शिरूरला उतरवलंत तर नऊ बॉनेटं बदलल्याचं पुण्य.

त्यातून बाजारात ‘कार्बन’ म्हणून मिळतं ते सगळं कार्बन नसतं. बरंचसं फायबरग्लास, वरून कार्बनचा एक थर. ते कधीकधी मूळ बॉनेटइतकंच भरतं. काही ठिकाणी तर नुसता स्टिकर. अस्सल पॅनल बनवायची रीतच वेगळी: रेझिन भिजवलेलं कापड आधी फ्रीझरमध्ये जपायचं, साच्यात थरावर थर लावायचे, मग हवा काढून दाबाखाली सव्वाशे ते दीडशे अंशांवर भाजायचं. एवढी मेहनत स्वस्तात कोण देणार? शिवाय वरचं लॅकर हलकं असेल तर आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत ते पिवळं पडतं. आणि ठोकलंत तर डेंटर काही करू शकत नाही, कारण कार्बनला पोचा पडत नाही, तो तडकतो.

मग खरं वजन उतरवतं कोण? आपल्या मुंबईची वझिरानी ऑटोमोटिव्ह बघा. चंकी वझिरानींच्या या कंपनीने २०२१ मध्ये ‘एकोंक’ नावाची इलेक्ट्रिक गाडी आणली. बॉडी कार्बन फायबरची, वजन ७३८ किलो आणि ताकद ७२२ हॉर्सपॉवर, असं कंपनी सांगते. म्हणजे किलोमागे जवळजवळ एक घोडा! इंदूरजवळच्या नॅट्रॅक्स ट्रॅकवर तिने ताशी ३०९ किलोमीटर गाठल्याचंही कंपनीने जाहीर केलं. पण गंमत बॉडीत नाही. बॅटरी थंड ठेवायला पाणी, पाइप, पंप हा लवाजमाच त्यांनी काढून टाकला आणि हवेवर काम भागवलं. सीटसुद्धा एकच ठेवली.

याउलट महिंद्राच्या घरची पिनिनफारिना बत्तिस्ता. तीही नखशिखांत कार्बन, ताकद १९०० हॉर्सपॉवरच्या आसपास, पण १२० किलोवॅट-तासांची बॅटरी पोटात असल्याने वजन दोन टनांच्या वर. कपडे झिरो फिगरचे, आत पैलवान.

माझा सगळ्यात लाडका दाखला मात्र बीएमडब्ल्यूच्या २००३ च्या एम-थ्री सीएसएलचा. साध्या एम-थ्रीपेक्षा ११० किलोंनी हलकी. तिचं कार्बनचं छप्पर जगभर गाजलं, पण त्या छपराने वाचवले सहा-सात किलो. ते सहा-सात किलो सगळ्यात उंचावरचे, म्हणून वळणावर गाडी कमी कलते, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. बाकीचे शंभर कुठून आले? आवाज अडवणारी अस्तरं काढली, मागची काच पातळ केली, सीट्स हलक्या केल्या आणि एसी, म्युझिक सिस्टिम नको असेल तर तीही काढून दिली. मे महिन्यात, भर दुपारी, सुप्याच्या माळावर विनाएसी गाडी. आहे तयारी?

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेण्यासारखी नाही. कंपनीचं बॉनेट नुसतं झाकण नसतं. धडक बसली की ते मधोमध दुमडावं, काचेतून आत घुसू नये, अशी त्याची रचना असते. स्वस्त पॅनलमध्ये कुलपाचा आकडा नुसता चिकटवलेला असतो. शंभरच्या वेगात खाली हवा शिरली आणि तो सुटला, तर बॉनेट थेट काचेवर. तेव्हा बसवायचंच असेल तर वेगळ्या बॉनेट पिना आधी, फोटो नंतर. मूळ स्पेसिफिकेशन बदलणारे फेरफार मोटार वाहन कायद्यात बसत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा निघेल.

आणि बोनसचे पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला दोन्ही बॉनेटं, जुनं आणि नवं, काट्यावर ठेवायला सांगा. काटा भंगारवाल्याचा चालेल. नगर रोडवर ट्रकचे वजनकाटे आहेत भरपूर, पण तिथे अख्खी गाडी चढवून उपयोग नाही. ते पाच-दहा किलोंच्या टप्प्यानेच आकडा दाखवतात. तुमचं बॉनेट त्यांना कळायचंच नाही.